शत्रू जमवण्याचा छंद

माणसाला शत्रू आपोआप मिळतात, असा आपला सर्वांचा अनुभव. त्यासाठी पदरचे पैसे खर्चावे लागत नाहीत. नोकरीत बढती मिळाली, सोसायटीचे सेक्रेटरीपद गळ्यात पडले किंवा एखादी कादंबरी जरा बरी निघाली, की ते आपल्या पायांनी घरी चालत येतात. पण एक खेळ असा आहे, की ज्यात शत्रू दुकानातून विकत आणावा लागतो, त्याचे सुटे हातपाय डिंकाने चिकटवावे लागतात, बारीक कुंचल्याने त्याचे डोळे रंगवावे लागतात, आणि एवढे सगळे झाल्यावर त्याच्याकडून मार खावा लागतो. गेली तीन वर्षे मी हा खेळ खेळतो आहे. आजमितीला माझ्या संग्रही एकोणसाठ शत्रू आहेत. मित्र मोजून सात. आमची सौ. म्हणते, ‘‘बँकेत असताना थकबाकीदार जमवलेत, आता राक्षस जमवा.’’

खेळाची कल्पना थोडक्यात देतो. टेबलावर दोन-तीन फुटांची चौरस जागा घ्यायची. तिथे पडकी घरे, झाडे, भिंती मांडायच्या. मग त्यात माणसे उभी करायची. ही माणसे साधारण अठ्ठावीस मिलिमीटर उंचीची असतात, आणि हे माप डोक्यापर्यंत नव्हे, तर तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरण्याचा बऱ्याच ठिकाणी प्रघात आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्यांना ‘मिनिएचर’ म्हणतात. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडतात, त्यांना पुण्यात आम्ही ‘चित्रं’ म्हणतो. तीच जात, फक्त आकार आणखी लहान. माणसे हलवायची ती टेपने इंच मोजून, आणि मारामारीचा निकाल लावायचा तो फाशाने. शेकडो सैनिकांच्या फौजा समोरासमोर आणण्याचे खेळ वेगळे. हा चकमकीचा खेळ, इंग्रजीत ‘स्कर्मिश’. आपल्या बाजूला पाच-दहा माणसे, प्रत्येकाला नाव आणि स्वभाव. एक चकमक संपली की खेळ संपत नाही. वाचलेली माणसे जखमा, अनुभव आणि लूट घेऊन पुढच्या चकमकीत उतरतात. अशा साखळीला ‘कॅम्पेन’ म्हणतात. आपण मोहीम म्हणू.

मला हा नाद लावला माझ्या नातवाने. मुलगी-जावई इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला असतात. रॉबिन हूडचे म्हणून आपण हे गाव ओळखतो, पण या छंदातल्या लोकांना ते दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक आहे. ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी तिथली. १९७५ साली लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये तीन मित्रांनी लाकडी पट विकायचा उद्योग सुरू केला, त्याची ही कंपनी झाली. पुढे १९८३ मध्ये तिने ‘वॉरहॅमर’ हा लढाईचा खेळ काढला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडनच्या शेअरबाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. बोटभर उंचीचे राक्षस विकून! मी आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासले. १९७५ मध्ये असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर तारण काय म्हणून विचारले असते.

या कंपनीभोवती नॉटिंगहॅम परिसरात मूर्ती घडवणाऱ्या लहानमोठ्या संस्थांचे जाळेच तयार झाले. पूर्वी हे काम शिशाच्या मिश्रधातूत चाले, म्हणून त्या मुलखाला गमतीने ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. अॅलन आणि मायकेल पेरी हे जुळे भाऊ तिथले नामांकित मूर्तिकार. १९९६ साली फ्रान्समध्ये जुन्या लढाईचा देखावा चालू असताना तोफ ठासतेवेळी मायकेलचा उजवा हात गेला. त्याने डाव्या हाताने मूर्ती घडवायचे पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतले. अठ्ठावीस मिलिमीटरच्या माणसाच्या कोटाच्या गुंड्या, आणि त्याही डाव्या हाताने. हे वाचल्यापासून माझ्या टेबलावरच्या बाहुल्यांना कुणी खेळणे म्हटले, की मला ते खटकते.

आम्ही आजोबा-नातू मात्र वॉरहॅमर खेळत नाही. तो खर्चिक आहे, आणि मला खर्चिक गोष्टींवर विश्वास ठेवायची सवय नाही. आमचा खेळ ‘रेंजर्स ऑफ शॅडो डीप’. जोसेफ मॅकलॉ या लेखकाने तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी २०१५ मध्ये त्याने ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ नावाचा खेळ लिहिला होता. हजार वर्षे बर्फाखाली गाडलेल्या एका नगरीत मांत्रिक आपापले भाडोत्री सैनिक घेऊन खजिना शोधतात, अशी त्याची कल्पना. तो दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळायचा. ‘रेंजर्स’मध्ये मात्र सगळे खेळाडू एका बाजूला. एकट्यालाही खेळता येतो. राज्याच्या सीमेवर काळोखाचा एक प्रदेश सरकत पुढे येतो आहे आणि आपण सीमेचे रखवालदार. समोर झोंबी, घुशीएवढे नव्हे तर कुत्र्याएवढे उंदीर, राक्षसी कोळी आणि ‘नोल’ म्हणजे तरसाच्या तोंडाची माणसे.

इथेच त्या शत्रूंचा प्रश्न येतो. बुद्धिबळात समोरचा माणूस स्वतःचे सैन्य चालवतो. इथे समोर कुणीच नाही. मग शत्रूला चालवणार कोण? आपणच. पण आपल्या मर्जीने नाही. प्रत्येक फेरीत आधी रखवालदार, मग शत्रू, मग रखवालदाराचे सोबती अशा पाळ्या येतात, आणि शेवटी पत्त्यांच्या जोडातून एक पान उलटून काय आक्रीत घडले ते पाहायचे. शत्रूच्या पाळीचे नियम साधे आहेत. भिडलेला असेल तर लढेल. धनुष्य असेल आणि कुणी दिसत असेल तर बाण सोडेल. नाहीतर जवळच्या माणसाकडे चालत येईल. आपल्याला गैरसोयीचे असले तरी त्याला तसेच चालवायचे. फटही मोजायची ती त्याच्या बाजूने प्रामाणिकपणे. दोन माणसे सारख्याच अंतरावर वाटली, तर टेप दुसऱ्यांदा लावून बघायचा. थोडक्यात, आपल्या विरुद्ध पक्षाचे वकीलपत्र आपणच घ्यायचे आणि ते नेकीने चालवायचे. टेबलाभोवती बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला हे जमते, याचे मला अजून नवल वाटते.

लढाईचा हिशेबही सोपा आहे. दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपापले लढाईचे गुण त्यात मिळवायचे. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. त्या बेरजेतून हरलेल्याच्या चिलखताचा आकडा वजा करायचा आणि उरेल तेवढी प्रकृती हरलेल्याच्या खात्यातून कमी करायची. समजा, नोलचा फासा अठरा, गुण दोन, झाले वीस. आपल्या माणसाचे चिलखत अकरा. नऊ उरले. बारा प्रकृतीचा गडी एका फटक्यात तीनवर. सगळे व्यवहार एका वहीत लिहायचे असतात. नातवाची वही मी पाहिली आहे. नाव, हत्यार, प्रकृती, अनुभव, जुन्या दुखापती असे रकाने, आणि खाडाखोड केली असेल तिथे बारीक सही. ती सही करायला मी शिकवले.

लेखकांना अशा खेळांचे वेड जुनेच आहे. गेल्या खेपेस मुलीने मला यॉर्कशायरमधल्या हॅवर्थ या गावी नेले. ब्राँटे भावंडांचे घर तिथे संग्रहालय म्हणून जपले आहे. १८२६ च्या जून महिन्यात तिथले धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे लीड्सहून येताना मुलग्यासाठी, ब्रॅनवेलसाठी, बारा लाकडी सैनिकांची पेटी घेऊन आले. सकाळी चौघा भावंडांनी एकेक सैनिक उचलला. दहा वर्षांच्या शार्लटने आपल्या सैनिकाचे नाव ठेवले ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ब्रॅनवेलने ठेवले बोनापार्ट. वॉटर्लूच्या लढाईला तेव्हा अकराच वर्षे झाली होती. म्हणजे इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाच्या घरात, त्याच्या एकुलत्या एका मुलाने आपण होऊन देशाच्या शत्रूची बाजू घेतली होती. त्याने ती घेतली म्हणून पुढे खेळ झाला. सगळ्यांनीच वेलिंग्टन मागितला असता, तर बारा सैनिक पेटीत पडून राहिले असते.

त्या बारा जणांतून एक काल्पनिक राज्य उभे राहिले, त्याचे नकाशे, राजकारण, लढाया आणि वर्तमानपत्रे निघाली. ती हातभर नव्हेत, तर आगपेटीएवढ्या वह्यांमध्ये मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिली आहेत. सैनिकांना वाचता यावीत म्हणून तेवढ्या मापाची. काचेआडच्या त्या वह्या मी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून पाहिल्या. या मुलांनी खेळात स्वतःला जिन्न केले होते, आणि जिन्नांना एक खास अधिकार होता: मेलेल्या सैनिकाला पुन्हा जिवंत करण्याचा. हा नियम वाचून जाता येत नाही. कारण या मुलांची आई १८२१ मध्ये गेली होती आणि दोन थोरल्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, सैनिक घरी यायच्या आदल्याच वर्षी, १८२५ च्या मे-जूनमध्ये, सहा आठवड्यांच्या अंतराने गेल्या होत्या.

पुढची नावे भराभर सांगतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१-८२ च्या हिवाळ्यात प्रकृतीसाठी स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसला होता. तिथल्या पोटमाळ्यावर जमिनीवर खडूने नकाशा काढून तो आपल्या तेरा वर्षांच्या सावत्र मुलाबरोबर शिशाच्या सैनिकांची मोहीम आठवडेच्या आठवडे खेळे, आणि त्या लढायांच्या बातम्या वर्तमानपत्री थाटात लिहून काढी. ‘ट्रेझर आयलंड’चा उत्तरार्ध त्याने लिहिला तोही दाव्होसलाच. त्यातला लाँग जॉन सिल्व्हर हा खलनायक लक्षात राहतो आणि नायकाचे नाव आठवायला लागते, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. त्यानंतर एच. जी. वेल्स. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या लढाईला रीतसर नियम दिले. खरे युद्ध किती मूर्खपणाचे आहे हे कळायचे असेल तर हे खेळा, असा त्याचा रोख होता. दुसऱ्याच वर्षी युरोपने त्याचे ऐकले नसल्याचे दिसून आले.

राक्षस मात्र वेल्सच्या खेळात नव्हते. ते आले अमेरिकेतून, आणि त्यांच्या जन्माची हकिकत मला फार आवडते. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा प्रसिद्ध खेळ काढणारा गॅरी गायगॅक्स याला त्याच्या टेबलासाठी राक्षस हवे होते, आणि बाजारात तर नुसते सैनिक. शेवटी त्याला स्वस्त खेळण्यांच्या दुकानात हाँगकाँगहून आलेल्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांची पिशवी मिळाली. नाव ‘प्रागैतिहासिक प्राणी’, पण आतले प्राणी पृथ्वीवर कधीच नव्हते. एकाला शेपटीच्या टोकाशी पंख्यासारखे काहीतरी, एक अर्धा घुबड वाटावा असा. मग एकेक उचलून ठरवले गेले, की हा लोखंड खातो, हा जमिनीतून पोहत येतो. अशा रीतीने गंज खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’, ‘आउलबेअर’ म्हणजे घुबड-अस्वल आणि ‘ब्यूलेट’ हे राक्षस जन्मले आणि जगभर पसरले. हाँगकाँगमधल्या कुठल्याशा कारखान्यातला साचे करणारा कारागीर मात्र अनाम राहिला. त्याने बहुधा ते जेवणाच्या सुट्टीआधी उरकले असतील.

तेव्हा आधी मूर्ती आणि मग शत्रू, हाच या छंदाचा मूळ क्रम आहे. मीही तोच पाळतो. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ‘रीपर’ या कंपनीने २०१२ मध्ये स्वस्त प्लॅस्टिकच्या मूर्तींसाठी लोकांकडून आगाऊ वर्गणी मागितली, तेव्हा ३४ लाख डॉलरहून जास्त जमले. शत्रूंना असा भाव आहे. त्यांतले डझनभर नोल आणि काही सांगाडे मुलीने आणून दिले. कोळी मला तुळशीबागेत मिळाले, काळ्या प्लॅस्टिकचे, पाकिटाच्या भावात. विकणाऱ्याने विचारले, ‘‘नातवाला घाबरवायला का, काका?’’ मी म्हटले, ‘‘नाही, रंगवायला.’’ तो आणखी काही बोलला नाही. हल्ली घरच्या घरी थ्रीडी प्रिंटरवर मूर्ती छापणारेही आहेत, पण मी अजून तिथवर पोचलेलो नाही.

रंगवण्यात दुपार कशी जाते कळत नाही. आधी अस्तराचा हात. मग मूळ रंग. झोंबीच्या कातडीसाठी शेवाळी हिरव्यात थोडा मळकट पांढरा. त्यावर पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सोडला, की तो आपोआप खाचाखोचांत उतरतो आणि बरगड्या दिसू लागतात. शेवटी कुंचला जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवायचा. डोळे सर्वांत शेवटी, श्वास रोखून. या कामात एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या रखवालदारांना मी एका बैठकीत रंगवून मोकळा झालो, नोलांवर मात्र महिना घालवला. नायकाचे काय, चेहरा बरा असला की भागते. शत्रूच्या कानाचा तुकडा का तुटला आहे, त्याच्या पट्ट्याला कुणाची बोटे लटकली आहेत, याचा विचार करावा लागतो. माझ्या कादंबऱ्यांतही नायक फिके पडतात, असे समीक्षक म्हणत. म्हणोत बापडे.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर या खेळात शत्रू ही स्थावर मालमत्ता आहे. आज मेलेला झोंबी रात्री डब्यात जातो आणि पुढच्या रविवारी नवा होऊन येतो. तोच मरतो, तोच उठतो. मरणाची किंमत फक्त आपल्या माणसांना. चकमकीत जो पडला तो खरेच मेला की नुसता जायबंदी झाला, हे चकमकीनंतर फासा टाकून तक्त्यात पाहायचे. असे तक्ते या प्रकारच्या खेळांतून पूर्वीपासून आहेत. १९९९ मध्ये आलेल्या ‘मॉर्डहाइम’मध्ये नायकांसाठी छत्तीस आकड्यांचा तक्ता होता. पाय लंगडा होणे, एक डोळा जाणे, कैद होणे, आणि त्यातच एक नोंद कट्टर वैराची. ज्याने घाव घातला, त्याचा हा माणूस पुढे कायम द्वेष करणार, तोही नियमाने.

आमचा खेळ नातू सुट्टीवर नसतो तेव्हा फोनच्या पडद्यावर चालतो. रविवारी आमची संध्याकाळ, त्यांची दुपार. टेबल तिकडे मांडलेले, मी इकडून सांगायचे आणि माझ्या माणसांचे फासे माझ्या टेबलावर टाकायचे. ते पडद्यात दिसत नाहीत. मी आकडा सांगेन तो खरा. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या टोळीतला तिरंदाज पडला. नातवाचा लाडका गडी. नाव मी ठेवले होते म्हादबा, आणि तो त्याला ‘माडबा’ म्हणे. सात चकमकी टिकलेला. अनुभवाचा रकाना भरत आलेला. चकमक आम्ही जिंकलो, पण म्हादबाचा फासा टाकायचा राहिला होता.

‘‘आबा, तू टाक. माझ्या हाताला आज लक नाही.’’

मी टाकला. फासा पाण्याच्या भांड्याला लागून थांबला. एक.

एकाचा अर्थ तक्त्यात एकच. तिकडे तो पडद्याला नाक लावून बसला होता. इकडे खोलीत मी एकटा. सौ. देवळात गेलेली. मी ‘चौदा’ म्हटले असते, तर विषय संपत होता. बँकेत एकतीस वर्षे काढली. न पाहिलेल्या रकमेवर सही करा, असे सांगणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांतले काही फार प्रेमाने सांगत. पण त्या संध्याकाळी आठवली ती बँक नव्हे, त्या चार मुलांचा जिन्नांचा नियम आठवला. त्यांनी तो सगळ्यांसमक्ष, उघड केला होता.

‘‘एक पडला रे,’’ मी म्हटले.

तो काही बोलला नाही. पडद्यावरून उठून गेला. मग मुलगी आली. ‘‘बाबा, दुसरं काही सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? तो आत जाऊन रडतोय.’’ तिच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पुढचे दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, तेव्हा त्याने आधी म्हादबा दाखवला. त्याला टेबलावरून काढून पुस्तकांच्या फळीवर ठेवले होते, पायाशी बारीक खडे रचले होते. मग त्याने एक नोल कॅमेऱ्यासमोर धरला. ज्याने म्हादबाला पाडले तोच. त्याच्या खांद्यावर एक नवा पांढरा व्रण रंगवलेला होता.

‘‘हा माडबाच्या बाणाचा,’’ तो म्हणाला. ‘‘पडायच्या आधी त्याने एक मारला होता ना, तो लागला होता.’’

मी वहीत पाहिले. लागला होता. तीन प्रकृती गेली होती.

‘‘याला दुसऱ्यांसारखं डब्यात टाकायचं नाही. हा वेगळा राहणार. आणि आपण त्याला पाडलं तर त्याच्यासाठी पण फासा टाकायचा.’’

शत्रूंसाठी असा तक्ता पुस्तकात नाही. आम्ही केला. त्या नोलाने त्यानंतर चार चकमकींत भाग घेतला, दोनदा पडला आणि दोन्ही वेळा वाचला. नातवाने त्याचे नाव ठेवले आहे, पण ते मला अजून सांगितलेले नाही.

यंदा दिवाळीत मंडळी पुण्याला येणार आहेत. अंगणात किल्ला करायचा, असे त्याचे फर्मान आले आहे. मी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून चित्रे आणून ठेवतो म्हटले, तर त्याने यादी मागितली. महाराज, मावळे, तोफ, गवळण, विहिरीवर पाणी भरणारी बाई, वाघ. त्याचा पहिला प्रश्न, ‘‘आणि शत्रू कुठायत?’’ आमच्या लहानपणी हा प्रश्न कधी पडला नव्हता. आम्ही अळीव पेरायचो, पणत्या लावायचो आणि मावळे पाच दिवस रिकाम्या पायथ्याकडे बघत पहारा द्यायचे. तो आता आपले नोल बॅगेत घालून आणणार आहे. अडचण एवढीच, की मातीचा मावळा चार इंचांचा आणि नोल दीड इंचाचासुद्धा नाही. मावळ्यांना राक्षसांचे आकडे द्यावे लागतील, असे तो म्हणतो. माझा त्याला विरोध आहे. वाघाचे काय करायचे तेही ठरलेले नाही. गवळणीला प्रकृती दहा धरली आहे.